क्लेमॅटिस लावताय? खड्ड्याचे पैसे आधी बाजूला काढा
एप्रिल-मेमध्ये इंग्लंडमधल्या कुठल्याही गार्डन सेंटरमध्ये शिरलं, की फुलांनी लगडलेली क्लेमॅटिस दारातच मांडलेली असते. माझी पहिली वेल मी अशीच फुलं बघून 25 पौंडांना आणली, भिंतीला चिकटून लावली आणि जुलैत ती वाळून गेली. फार जीवाला लागलं. तेव्हापासून वेल बेताची घेते आणि खड्ड्यात हात आखडत नाही.

9 सेंटिमीटरच्या कुंडीतलं रोप 6 ते 8 पौंडांना मिळतं, पण ते वर्षभर मोठ्या कुंडीत वाढवावं लागतं. थेट जमिनीत लावायचं तर 2-3 लिटरच्या कुंडीतलं घ्या. साधारण 15 ते 25 पौंड. फुलं नकोत, बुडखा बघा: मातीतून दोन-तीन काड्या वर आलेल्या हव्यात. सप्टेंबरात हीच रोपं बऱ्याच ठिकाणी सवलतीत निघतात, आणि जमीन उबदार असल्यानं लावणीलाही तो महिना चांगला.

नवख्यांनी वोकिंगच्या जॅकमन नर्सरीची, दीडशे वर्षांहून जुनी ‘जॅकमनी’ घ्यावी. तिची छाटणी सोपी: फेब्रुवारीअखेर जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर, टपोऱ्या डोळ्यांच्या वर, सगळ्या काड्या कापायच्या. हिमालयातली ‘माँटाना’ मोहक खरी, पण ती आठ-दहा मीटर चढते; छोट्या परसात नकोच. आपल्या सह्याद्रीतली रानजाई याच कुळातली. पण म्हणून ‘जॅकमनी’सारखी मोठ्या फुलांची जात पुण्याच्या गच्चीवर लावू नका. हिला कडक हिवाळा लागतो.

खड्डा 45 सेंटिमीटर रुंद, तितकाच खोल, आणि भिंतीपासून हातभर लांब. भिंतीच्या बुडाशी पाऊस पोचत नाही, तिथली माती इंग्लंडातसुद्धा कोरडी ठाक असते. माझी वेल गेली ती यामुळेच. 50 लिटर कंपोस्टला 8-10 पौंड, खताला 6-8. रोप कुंडीसकट तासभर बादलीत भिजवा आणि कुंडीत होतं त्यापेक्षा चार बोटं खोल बसवा. मोठ्या फुलांच्या जातींना ‘विल्ट’ ही बुरशी लागते: काल तरतरीत असलेली काडी आज मान टाकते, देठ काळे पडतात. ती काडी कापून टाका. खोल लावलेली वेल मातीखालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटते.

आधाराला बारीक तारच हवी. पानाचा देठ तारेभोवती वेढा घेतो आणि तिथेच कडक होतो. जाड खांब त्याच्या कवेत येत नाही. तार आणि हुक मिळून 10-15 पौंड. म्हणजे एकूण 40 ते 60 पौंड. कुंडीतच ठेवायची तर 45 सेंटिमीटरची जड कुंडी आणि वाढीव माती धरून खर्च जवळपास दुप्पट होतो, आणि पाणीही जास्त घालावं लागतं.

पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून दोनदा मोठी झारीभर पाणी द्या. मुळांवर चपटे दगड ठेवा, मात्र काडीला टेकवू नका. बऱ्याच नर्सऱ्या रोपाची हमी देतात, तेव्हा पावती जपून ठेवा. हिवाळ्यात काड्या तपकिरी, मेल्यासारख्या दिसतील. निदान एप्रिलपर्यंत वेल उपटायची घाई करू नका.