नंबर तोच, कंपनी दुसरी

मोबाइलला रेंज नसली की माणूस काय करतो? फोन घेऊन माळवदावर चढतो. नाही तर पांदीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. एक कान झाकतो आणि ओरडून बोलतो. रिचार्जचे पैसे मात्र वेळच्या वेळी मोजतो. असे किती दिवस चालवावयाचे?

"मग कंपनी बदला की," असे आम्ही म्हणतो. त्यावर पुष्कळ मंडळी घाबरतात. बँकेत हाच नंबर दिलेला. आधारला हाच, गॅसला हाच. एक बाई आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, नंबर म्हंजे घराचा उंबरा झालाय आता. तो कसा सोडू?"

बाईंचे बोलणे खरे आहे. पण उंबरा सोडावा लागत नाही. २० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशात ही सोय आहे. नंबर तोच ठेवावयाचा, कंपनी दुसरी घ्यावयाची. याला नंबर पोर्ट करणे म्हणतात.

आधी मात्र नीट पाहा. दोष कंपनीचा की घराचा? जाड दगडी भिंतीतून आणि पत्र्याच्या छपरातून रेंज कमी येते. शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचा फोन असेल. त्याला घरी बोलवा. चुलीपाशी, गोठ्यात, मळ्यात उभे राहून त्याच्या फोनवरून बोलून बघा. सकाळी बघा, रात्रीही बघा. नुसत्या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. त्याला सिमकार्ड विकायचे असते!

खात्री पटली की एक मेसेज करावयाचा. इंग्रजी अक्षरे लिहा : पी, ओ, आर, टी. मग थोडी जागा सोडा. पुढे आपला दहा आकडी नंबर लिहा. हा मेसेज १९०० या नंबरावर पाठवा. "मेसेजचा रिचार्ज मारल्याशिवाय जाणार नाही," असे कोणी सांगेल. ते ऐकू नका. रिचार्ज कोणताही असो, हा मेसेज गेलाच पाहिजे, असे सरकारी दूरसंचार प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२१ साली कंपन्यांना बजावले आहे.

उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. फोनवरून कोणी तो कोड विचारला तर सांगू नका. त्या कोडाने तुमचा नंबर चोराच्या हाती जाऊ शकतो.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात कामाचे तीन दिवस लागतात. तोवर जुने सिम काढू नका. ते बंद पडले की नवे घाला. मधले काही तास फोन मुका राहील. भिऊ नका.

कोड केव्हा मिळत नाही? या कंपनीत ९० दिवस झाले नसतील तर. बिलाचा फोन असून मुदत गेलेले बिल थकले असेल तर. हरवलेल्या सिमच्या जागी नवे घेऊन सात दिवस झाले नसतील तर.

आता पैशाची गोष्ट. जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत. ते बुडतात. म्हणून चार-आठ दिवस उरले असतील तर थांबावे. वर्षाचा रिचार्ज मारून बसला असाल तर कठीण. तरी घरात बाळंतीण असेल, म्हातारे माणूस असेल, तर आम्ही म्हणू की पैसे जाऊ द्या. रात्री गाडी बोलवायला फोन लागला पाहिजे.

कारण नसता कंपनी अडवू लागली तर १९८ वर तक्रार करा. तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवा. तेथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ग्राहकांसाठी सरकारचा १९१५ हा नंबरही आहे. त्यापुढे जिल्ह्याचे ग्राहक आयोग. मोबाइल कंपनीविरुद्ध तेथे जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. रिचार्जएवढ्या रकमेच्या तक्रारीला तेथे फी पडत नाही.