थरथर येते कुठून?

घरांच्या पितळी पाट्या आणि मिरकरवाड्याच्या बोटींना लागणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापायला मी रत्नागिरीत घरच्या शेडमध्ये सीएनसी राउटर बांधला. पहिला राउटर सागवान लोण्यासारखं कापायचा, पण पितळेत अक्षरांच्या कडांना लाटा उठायच्या आणि टूल किंचाळायचं. दुसरा बांधताना जे उमगलं, ते लिहून ठेवतो.

१. आधी मोजा, मग लोखंड आणा.
मी मोठी मोटार मागवायला निघालो होतो. शेजारचे मेस्त्री म्हणाले, "मोटार ऱ्हांदे. आधी वाकतंय कुठं ते बघ." त्यांनी स्पिंडलच्या तोंडाशी ताणकाटा अडकवून दहा किलोची ओढ दिली आणि टेबलावर डायल गेज लावला. काटा ०.३ मिलिमीटर सरकला. पितळेतल्या लाटांचं कारण तिथेच कळलं. मग तीच ओढ ठेवून गेज एकेक टप्पा मागे नेला: झेडची (स्पिंडल वर-खाली नेणारी) प्लेट, गँट्री म्हणजे तिला पेलणारा आडवा पूल, बाजूचे खांब. गँट्रीची वरची कड एकीकडे जात होती आणि खालची दुसरीकडे. म्हणजे गँट्री वाकत नव्हती, पिळली जात होती. हा अर्धा तास मला पुढच्या सगळ्या खर्चापेक्षा मोलाचा वाटतो.

२. पीळ थांबवायचा तर पेटी बंद हवी.
माझी गँट्री सी-चॅनलची होती, एका बाजूने उघडी. तेवढ्याच वजनाचा बंद चौकोनी पाईप पिळाला कितीतरी पटींनी जास्त विरोध करतो. कागदाची गुंडाळी हातात धरून पिळून पाहा, मग तिची कड चिकटवून पुन्हा पिळा. पाईप घेताना जाडीपेक्षा आकार वाढवावा. पत्र्याची जाडी दुप्पट केली की ताठपणा साधारण दुप्पट होतो. तोच पत्रा ठेवून पाईपची बाजू दुप्पट केली तर आठपट. वजन दोन्हीकडे दुप्पटच.

३. महाग पोलाद म्हणजे ताठ पोलाद नव्हे.
कडकपणा वेगळा, ताठपणा वेगळा. साधं माइल्ड स्टील आणि भारी मिश्रपोलाद एकाच ओझ्याखाली जवळपास सारखंच वाकतं. अ‍ॅल्युमिनियम मात्र त्यांच्या तिप्पट वाकतं. माझी झेडची प्लेट अ‍ॅल्युमिनियमचीच होती.

४. लोंबणं कमी करा.
पुढे आलेली लांबी दीडपट झाली की वाकणं सव्वातीन पटींहून जास्त होतं, कारण लांबीचा घन लागतो. मी झेड १५० मिलिमीटरवरून १०० वर आणला. जाड पाट कापायची सोय गेली. पाट मला कापायचेच नव्हते.

५. पाईपमध्ये वाळू भरायची तर नदीची, धुतलेली, वाळवलेली.
मेस्त्रींकडे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करची जुनी लेथ आहे. तिचं बीड पोलादापेक्षा कमी ताठ, पण त्यातलं ग्रॅफाइट कंप गिळतं. पोकळ पाईप मात्र घंटेसारखा वाजतो. वाळू भरली की ताठपणा वाढत नाही, नाद बसतो. समुद्राची वाळू भरली तर तिच्यातलं मीठ पाईपला आतून खातं आणि ते बाहेरून दिसत नाही.

६. वेल्डिंगनंतर काहीच सरळ उरत नाही.
वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढून घेतं. म्हणून गाईडच्या जागा शेवटी, सगळं वेल्डिंग झाल्यावर, एकाच सेटिंगमध्ये मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मिलिंग करून घेतल्या. ती सोय नसेल तर पातळ इपॉक्सी ओतून सपाटी मिळवता येते, पण ती उन्हाळ्यात ओतावी. मी आधी तीच जुलैत ओतून पाहिली होती. दमट हवेने वर चिकट साय धरली आणि सगळं खरवडून काढावं लागलं.

७. टूलला खायला द्या.
भीतीने सावकाश चालवलं की टूल कापत नाही, घासतं. तापलेलं अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटतं आणि टूल तुटतं. एका धारेचं ६ मिलिमीटर कार्बाइड टूल, मिनिटाला १८,००० फेरे, फेऱ्याला ०.०४ मिलिमीटरचा घास, म्हणजे मिनिटाला ७२० मिलिमीटर फीड. खोली कमी ठेवा, फीड नव्हे. अ‍ॅल्युमिनियमला तेलाचा थेंब हवा. पितळ कोरडंच छान कापतं. हातात येणारा चुरा पिठासारखा नको, कण सुटे आणि जाणवणारे हवेत.

८. खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो.
बॉल स्क्रू आणि गाईड रोज पुसून तेलाचा हात द्यावा. कंट्रोलचा डबा बंद ठेवावा. अ‍ॅल्युमिनियमचा एक कण आत गेला तरी शॉर्ट होऊ शकतो.

परवा तीच दहा किलोची ओढ पुन्हा दिली. काटा ०.०३ वर थांबला. गेज मागे मागे नेत गेलो, तर उरलेलं बरंचसं वाकणं आता झेडच्या कॅरेजमध्ये आहे. पाऊस लागायच्या आत तिथे गाईडवर सरकणारे आणखी दोन ब्लॉक बसवायचे आहेत.