भूक मंदावली, तेव्हा

कुशिंग आजारावरचं ट्रायलोस्टेन हे औषध सुरू असलेल्या कुत्र्यानं जेवणाकडे पाठ फिरवली, तर त्या वेळची कॅप्सूल द्यायची नाही आणि डॉक्टरांना लगेच फोन करायचा. एवढं एक वाक्य आम्हाला औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळालं असतं, तर आमच्या शेवंतावर ती रात्र आली नसती. म्हणून ते सुरुवातीलाच लिहिते आहे.

शेवंता डॅशहंड, वजन ९ किलो. दहाव्या वर्षी तिचं पाणी पिणं वाढलं. भरलेलं भांडं तासाभरात रिकामं व्हायचं आणि रात्री उठून तिला पुन्हा पुन्हा अंगणात न्यावं लागायचं. पोळ्या लाटायला घेतल्या की ती ओट्याखालून हलायची नाही. हळूहळू पोट सुटलं, दोन्ही कुशींवरचे केस गेले, बसल्या जागी धाप लागू लागली. शेजारीपाजारी म्हणायचे, वय झालं. आमच्या डॉक्टरांना मात्र कुशिंगची शंका आली आणि ती खरी ठरली. डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देऊन आठ तासांत तीनदा रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली आणि निदान पक्कं झालं.

मूत्रपिंडांजवळ दोन लहानशा अधिवृक्क ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल तयार करतात. ताणात तग धरायला, रक्तातली साखर आणि रक्तदाब सांभाळायला ते लागतंच. कुशिंगमध्ये ते गरजेपेक्षा जास्त बनत राहतं. यातल्या ८० ते ८५ टक्के कुत्र्यांत मूळ दुखणं मेंदूतळच्या पिट्युटरी ग्रंथीत असतं. तिथली छोटी गाठ एसीटीएच नावाचा संदेश अखंड पाठवत राहते आणि अधिवृक्क ग्रंथी तो पाळत राहतात. उरलेल्यांत गाठ अधिवृक्क ग्रंथीतच असते.

ट्रायलोस्टेन गाठीला हात लावत नाही. कॉर्टिसॉल बनवताना लागणारं एक एन्झाइम ते अडवून धरतं. पण तेच एन्झाइम अल्डोस्टेरॉन बनवायलाही लागतं. अल्डोस्टेरॉन शरीरात सोडियम राखतं आणि जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतं. म्हणजे मात्रा जास्त झाली, तर कुशिंगच्या नेमका उलटा आजार, ॲडिसन, आपण औषधातून उभा करतो. सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं, रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके मंदावतात. यातून कुत्रं दगावू शकतं.

शेवंताला सकाळी जेवणासोबत ३० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सुरू झाली. पाणी कमी झालं, रात्रीची झोप परत आली, घर आनंदात होतं. दोन आठवड्यांनी रक्ततपासणी व्हायची होती. दवाखान्यातून निरोप आला की कुत्री छान आहे, महिन्यानं बघू. त्यानंतर ती जेवण अर्धं टाकू लागली. फोनवर उत्तर मिळालं, भूक कमी होतेय म्हणजे औषध लागू पडतंय. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. पोळ्या लाटताना ती आता उठूनही येत नाही, असं त्या सारख्या म्हणत होत्या. मग एका संध्याकाळी उलट्या झाल्या, मागचे पाय थरथरू लागले, हिरड्या पांढुरक्या पडल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी रात्री दार उघडलं. सोडियम खाली, पोटॅशियम वर. शिरेतून सलाईन आणि डेक्सामेथासोन देत पहाट झाली. पुढे एसीटीएच इंजेक्शननंतरचं कॉर्टिसॉल १.४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्याही खाली आलं. या आकड्याखाली औषध थांबवायचंच असतं.

सगळ्यात जास्त घोळ भुकेवरून होतो, म्हणून त्यावर नीट सांगते. कुशिंगमधली भूक राक्षसी असते आणि ती कमी व्हायलाच हवी. पण औषध बरोबर बसलेलं कुत्रं आपला रोजचा वाटा आवडीनं संपवतं, फक्त चोरी आणि हावरटपणा थांबतो. ताटलीत अन्न उरू लागलं, आवडीचा तुकडाही हुंगून सोडला, तर तो गुण नव्हे. सोबत मलूलपणा, उलटी, जुलाब, थरथर यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. या औषधाचा परिणाम तासांच्या हिशोबात ओसरतो, त्यामुळे वेळीच थांबवलं तर बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत सावरतात. काही थोड्यांत मात्र ग्रंथीचा भागच मरतो आणि ॲडिसन कायमचा मागे लागतो. मग जन्मभर उलटे, संप्रेरकं भरून काढणारे उपचार करावे लागतात. शेवंताच्या ग्रंथी काही आठवड्यांनी कामाला लागल्या. आता तिला लहान मात्रा दिवसातून दोनदा मिळते आणि ती ठीक आहे.

तपासण्या टाळू देऊ नका. पहिली दहा ते चौदा दिवसांनी, मग चार आठवड्यांनी, मग बारा आठवड्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी. मात्रा बदलली की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी सोडियम-पोटॅशियमही पाहायला सांगा. लॅबवाले सवयीनं "उपाशी आणा" म्हणतात, ते इथे चालत नाही. रिकाम्या पोटी हे औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून तपासणीच्या दिवशीही जेवणासोबत कॅप्सूल द्यायची आणि त्यानंतर चार ते सहा तासांनी चाचणी करायची. एसीटीएचचं इंजेक्शन आम्हाला सांगलीत मिळालं नाही, मागवून घ्यावं लागलं. काही डॉक्टर सकाळच्या कॅप्सूलआधीचं कॉर्टिसॉल पाहून मात्रा ठरवतात. खेळत्या-जेवत्या कुत्र्यासाठी ते चालतं, पण आजारी दिसणाऱ्याला एसीटीएच चाचणीच हवी.

घरी एक वही ठेवा. दिवसभराचं पाणी मोजून लिहा. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी म्हणजे जास्तच. कॅप्सूल फोडून अर्धी करू नका आणि घरात गर्भवती असेल तर तिला हात लावू देऊ नका.

हृदयासाठी एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर आधी सांगा, कारण तीही पोटॅशियम वाढवतात. बुरशीसाठीचं कीटोकोनाझोलसुद्धा कॉर्टिसॉल दाबतं. शिवाय खाजेसाठी कुत्र्याला महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन दिलं असेल, तर ते लपवू नका. त्या गोळ्यांनीही हुबेहूब कुशिंग दिसतं, पण आतल्या ग्रंथी तेव्हा झोपलेल्या असतात. अशा कुत्र्याला ट्रायलोस्टेन देणं घातक आहे. त्याच्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या असतात, एकदम बंद नाही.

औषध वाईट नाही. शेवंता आज त्याच्याच जोरावर आहे. पण पहिली कॅप्सूल देण्याआधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी लेखी घ्या: पहिल्या तपासणीची तारीख, कॉर्टिसॉल फार उतरलं तर द्यायला घरी ठेवायच्या प्रेडनिसोलोनची तुमच्या कुत्र्यापुरती मात्रा, आणि रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या दवाखान्याचा नंबर. तोवर सुरू करू नका. कुशिंग सावकाश वाढणारा आजार आहे, चार दिवस थांबता येतं.