कार्ड भरतीचं, गोळी रोजची

पोरांनो, सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंत, हे फार चांगलं केलंत. 29 ऑक्टोबर 2024 पासून ही सोय झाली. उत्पन्न कोणी विचारत नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचा इलाज होतो. पण ते कार्ड घेऊन मेडिकलवर जाऊ नका. बीपी-शुगरची रोजची गोळी त्यात बसत नाही; माणूस भरती झाला तरच ते चालतं. विकतच्या मेडिक्लेमचंही बहुतेक असंच. त्यात ओपीडीचा खर्च धरलाय का, ते एजंटाकडून पॉलिसीच्या कागदावर दाखवून घ्या.

म्हणून महिन्याच्या गोळ्यांची सोय वेगळी लावा. आपल्या राणीसावरगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या फुकट असतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. मात्र डबी रिकामी झाल्यावर धावू नका, आठवडाभर आधी जा. साठा संपलेला असला तर गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा, नाहीतर स्वस्त औषधांचं जनऔषधी केंद्र गाठा.

जाताना जुनं पाकीट जवळ ठेवा. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा. बारीक अक्षरात अम्लोडिपिन 5 एमजी, मेटफॉर्मिन 500 एमजी असं असतं, ते दाखवा. औषध तेच, भाव निम्म्यानं तरी कमी. आकडा वेगळा दिसला तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी तोंडात घालू देऊ नका. आणि दुकानदाराला पाकीट कात्रीनं कापू देऊ नका, मुदतीची तारीख नेमकी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते.

भरतीची वेळ आलीच, तर योजनेतल्या दवाखान्यात आधी मदतीला नेमलेल्या आरोग्यमित्राला गाठा. सुट्टी होताना सगळ्यांनाच घराची ओढ लागते, तिथंच पैसे जातात. आयुष्मानच्या नियमात सुट्टीनंतरच्या 15 दिवसांची औषधं धरलेली आहेत. हातात बाहेरची चिठ्ठी ठेवली तर गप्प बसू नका, आरोग्यमित्राला विचारा. दाद लागली नाही तर 14555 वर फोन लावा.

अजून एक. सत्तरी आधारवरच्या सालावरून मोजतात, आणि आमच्या पिढीची सालं अंदाजानं टाकलेली. ज्यांचं कार्ड निघालं नाही त्यांचं आधार आजच बघा. वय कमी लागलं असेल आणि जवळ पुरावा असेल तर दुरुस्ती करून घ्या. तोवर राज्याच्या महात्मा फुले योजनेत रेशनकार्डावर इलाज होतो, तेव्हा ते आधारसोबतच ठेवा.