आखूड लेन्स, दूरचा वाघ आणि क्रॉपची मर्यादा

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेकडून वाहणारी पैनगंगा ही महाराष्ट्र व तेलंगणा यांच्यातील राज्यसीमा असली, तरी वाघांना ती सीमा ठाऊक नाही. पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे असल्याने तेथील तरुण वाघ नव्या क्षेत्राच्या शोधात नदी ओलांडतात आणि भीमपूर, तांसी या मंडलांच्या शिवारात येतात. २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला टिपेश्वरचा एक वाघ आदिलाबाद जिल्ह्याच्या हद्दीतून फिरत फिरत पुढे बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. त्यामुळे येथे प्राण्याचे दर्शन बहुधा सफारीच्या रस्त्यालगत न होता कपाशीच्या किंवा तुरीच्या शेतापलीकडून, नाल्याच्या दुसऱ्या काठावरून, शंभर मीटर किंवा त्याहून अधिक अंतरावरून घडते, आणि पाहणाऱ्याच्या हाती सहसा २५० किंवा ३०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स असते. अशा वेळी छायाचित्राच्या कडा कापून प्राणी मोठा दाखवणे, म्हणजेच क्रॉप करणे, हा पहिला उपाय सुचतो. तो उपाय त्याज्य नाही, मात्र त्याची मर्यादा शटर दाबण्यापूर्वीच ठाऊक असावी लागते.

ही मर्यादा साध्या गणिताने कळते. सेन्सरवर, म्हणजे प्रकाशाची नोंद घेणाऱ्या पट्टिकेवर, उमटणाऱ्या प्रतिमेची लांबी ही प्राण्याच्या लांबीला लेन्सच्या नाभीय अंतराने गुणून प्राण्यापर्यंतच्या अंतराने भागल्यास मिळते. शंभर मीटरवर आडवा उभा असलेला, शेपटी वगळता सुमारे दोन मीटर लांबीचा वाघ ३०० मिलिमीटरच्या लेन्सने टिपला, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा अवघी ६ मिलिमीटर असते. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्या रुंदीवर सुमारे ६००० पिक्सेल, म्हणजे नोंदीचे सूक्ष्म बिंदू, असतात. तेव्हा संपूर्ण वाघाच्या वाट्याला १००० पिक्सेल येतात. क्रॉप कितीही कौशल्याने केला, तरी या हजाराचे अकराशे होत नाहीत. फसगत होते ती मोबाइलमुळे, कारण मोबाइलचा पडदा उभा धरला असता साधारण १०८० पिक्सेल रुंद असतो आणि हजार पिक्सेलचा वाघ त्यावर काठोकाठ भरून, अगदी ठसठशीत दिसतो. तेच चित्र एका इंचात ३०० बिंदू या छपाईच्या प्रचलित घनतेने मासिकात छापावयाचे झाल्यास वाघ सुमारे सव्वातीन इंचांचा होतो आणि त्यापुढे ताणला की पट्ट्यांच्या कडा विरघळू लागतात. मोबाइलवर वाहवा मिळवलेले चित्र प्रदर्शनासाठी मोठे करून भिंतीवर लावले असता निस्तेज व पिठाळ दिसते, हा प्रस्तुत लेखकाच्या अवलोकनात वारंवार आलेला अनुभव या गणिताशी तंतोतंत जुळतो.

हानी केवळ पिक्सेलांची नसते. चौकटीची लांबी व रुंदी निम्मी केली की क्षेत्र चतुर्थांश उरते, २४ मेगापिक्सेलचे ६ होतात, आणि चित्र घडवणारा एकूण प्रकाशही चतुर्थांशच राहतो. परिणामी ८०० आयएसओवर टिपलेले चित्र, त्याच आकारात पाहिले असता, ३२०० आयएसओवर टिपल्यासारखे कणीदार दिसते. हाताचा कंपही दुप्पट मोठा दिसतो. नाभीय अंतराइतका छेद धरून १/३०० सेकंद हा शटरचा किमान वेग मानण्याचा प्रघात आहे. निम्मा क्रॉप करण्याचा विचार असल्यास तो १/६०० किंवा त्याहून जलद ठेवावा. स्वस्त झूम लेन्स सर्वांत लांब टोकाला व पूर्ण उघड्या छिद्रावर काहीशी मऊ प्रतिमा देते, म्हणून प्रकाश पुरेसा असल्यास छिद्र एफ-८ पर्यंत लहान करणे हिताचे ठरते. लहान सेन्सरचा कॅमेरा लेन्सचा पल्ला वाढवतो असे म्हटले जाते, पण वस्तुतः लेन्स तीच राहते, सुमारे २३.५ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर तेच ६००० पिक्सेल दाटीने बसवलेले असल्याने त्याच वाघाला सुमारे दीड हजार पिक्सेल मिळतात, एवढाच त्याचा खरा लाभ आहे, आणि आखूड लेन्सवाल्यांसाठी तो लहान नाही.

आदिलाबादच्या हवामानाची गोष्ट वेगळी सांगावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत येथील काळी जमीन सकाळीच तापू लागते आणि मोकळ्या शेतावरून वर चढणारी उष्ण हवा प्रकाशाला वाकवत राहते, त्यामुळे दूरचा प्राणी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो; हा दोष अंतराचा असल्याने महागड्या ६०० मिलिमीटरच्या लेन्सनेही तो जात नाही, उलट अधिक स्पष्ट दिसतो. अशा चित्राचा क्रॉप करणे व्यर्थ होय. उजाडल्यानंतरचा पहिला तास-दीड तास, किंवा हिवाळा, हाच येथे दूरच्या चित्रणाचा काळ आहे.

पिक्सेल कमी पडले की दोन मोह होतात. पहिला जवळ जाण्याचा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यटकांच्या वाहनाने प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावयाचे असते. शिवारात तर वाहनाचा आडोसाही नसतो आणि पुढे सरकणाऱ्या माणसामुळे बुजलेला वाघ कपाशीत निंदणी करणाऱ्या बायांच्या दिशेने वळू शकतो. कोणत्याही चित्रासाठी हा धोका पत्करण्याजोगा नाही. दुसरा मोह संगणकीय विस्ताराचा, म्हणजे लहान चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने मोठे करण्याचा. असे साधन हरवलेला तपशील शोधून आणत नाही, तर तो अंदाजाने रचते. वाघाची ओळख त्याच्या पट्ट्यांवरून पटते, दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, इतकेच नव्हे तर एकाच वाघाची डावी व उजवी बाजूही भिन्न असते, आणि ट्रॅप कॅमेऱ्यांतून होणारी व्याघ्रगणना याच भिन्नतेवर उभी आहे. नदीपलीकडचा कोणता वाघ अलीकडे आला हे ठरवताना रचलेले पट्टे वनखात्याच्या हाती पडले, तर ते चित्र निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारे ठरते. म्हणून वनखात्याला द्यावयाची फाइल कॅमेऱ्यातून निघालेली मूळ, न कापलेली असावी, मग तीत वाघ कितीही लहान दिसो.

अशा न कापलेल्या चौकटीचे मोल क्रॉपच्या नादात विसरले जाते, याची खंत वाटते. वाघाभोवतीची कपाशी, बांधावरचा पळस, मागची विजेची तार आणि जागलीचे मचाण कापून टाकले की उरणारा वाघ ताडोबाचाही असू शकतो. हे सारे राहू दिले तर तो पैनगंगेच्या खोऱ्यातला, माणसांच्या शेतांमधून वाट काढणारा वाघ म्हणून ओळखू येतो. तेलंगणाचा राज्यपक्षी नीलपंख, जो चास या नावानेही परिचित आहे, त्याच्याबाबतीतही हेच खरे आहे: तीस मीटरवरील या फूटभर पक्ष्याला ३०० मिलिमीटरची लेन्स पाचशेच पिक्सेल देते, पण तारेवर बसलेला नीलपंख तारेसह व शेतासह टिपला की तेवढेही पुरतात. आखूड लेन्स हाती असताना प्राणी चौकटीत लहान राहणार हे गृहीत धरून क्षितिज, प्रकाशाची दिशा व मोकळी जागा यांची मांडणी आधीच करावी, आणि क्रॉप कडेची एखादी नडणारी फांदी काढण्यापुरता, फार तर चौकटीच्या दोनतृतीयांश रुंदीपर्यंत ठेवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

क्रॉपचा एक उपयोग मात्र निःसंशय आहे. वाघाचे ठिकाण ओळखू येईल असे देऊळ, पूल किंवा मैलाचा दगड चौकटीत असेल, तर चित्र सार्वजनिक करताना तो भाग कापलाच पाहिजे, कारण गर्दी आणि शिकारी दोघेही त्याच खुणांवरून पोहोचतात. परंतु मोबाइलने किंवा जीपीएस असलेल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांशांची नोंद स्वतंत्रपणे साठवलेली असू शकते व कडा कापल्याने ती पुसली जात नाही. ती वेगळी काढून टाकावी लागते, आणि मूळ फाइल फक्त स्वतःजवळ व वनखात्याजवळ ठेवावी लागते.