टाकलेलं पिल्लू आणि नंतर उगवलेले मालक

मरणार म्हणून टाकून दिलेल्या पिल्लावर, ते अंडी घालायला लागल्यावर मालकी सांगणारा माणूस मी पाहिला आहे. तो आमच्या शेजारीच राहतो. नाव लिहीत नाही. मला त्याच वाडीत राहायचं आहे. पण घडलं ते लिहिणार, कारण आजही माझ्यामागे ‘दुसऱ्याचं बदक लावून घेतलं’ असं बोललं जातं. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे बदकाची दुबळी पिल्लं दर पावसाळ्यात अशीच जातात, आणि त्यातली बरीचशी वाचण्यासारखी असतात. त्यांचा जीव घेते ती आपली घाई आणि ‘कोंबडी काय नि बदक काय, सारखंच’ ही समजूत.

शेजाऱ्यांकडे खाकी कॅम्पबेल बदकं आहेत. ही जात अंडी भरपूर देते, पण सहसा अंड्यांवर बसत नाही. म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. तशी त्यांनीही ठेवली, पण कोंबडीच्या अंड्यांबरोबर एकाच दिवशी. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, बदकाचं 28 दिवसांत. कोंबडीची पिल्लं बाहेर आली, कोंबडी ती घेऊन उठली आणि बदकाची अंडी मागे राहिली. मग दिव्याखाली ठेवण्याची धावपळ. बदकाची अंडी ठेवायचीच असतील तर एकटी ठेवा, किंवा कोंबडीची अंडी आठवडाभराने खाली सरकवा. एवढी साधी गोष्ट, पण तिथूनच सगळं बिघडलं.

एका अंड्याला चीर पडली. आतलं पिल्लू लवकर बाहेर येईना म्हणून त्यांनी नखाने कवच सोलून काढलं. बदकाचं पिल्लू पहिली चीर पाडल्यावर पूर्ण बाहेर यायला एक दिवस, कधी दोन दिवसही घेतं. बाहेरून वाटतं की ते अडकलंय, पण त्या वेळात आत महत्त्वाचं काम चाललेलं असतं. उरलेला बलक पोटात ओढला जातो, आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात परत जातं. त्याआधी कवच सोललंत तर रक्त येतं आणि बेंबी उघडी राहते. या पिल्लाचं नेमकं तेच झालं.

मी गेले तेव्हा ते त्यांच्या तळहातावर मान टाकून पडलं होतं. ओलं, थंडगार. “वयनी, ह्यां काय जगाचां नाय. मांजराक घाला, नायतर घेवन जावा,” असं म्हणून त्यांनी ते शेणाच्या ढिगाकडे भिरकावलं. त्यांची बायको तिथे होती, भात लावायला आलेली माणसंही होती. मी उचललं आणि पदरात घेऊन घरी आले. ‘घेवन जावा’ हे शब्द त्यांचे होते. ते मी विसरलेले नाही आणि ऐकणारेही विसरलेले नाहीत.

पिल्लू थंड असेल तर पहिलं काम ऊब देणं. खाणं नाही, पाणी नाही, दूध तर अजिबात नाही. थंड पडलेल्या पोटाला काही पचत नाही. पोटात ओढलेल्या बलकावर पिल्लू दिवसभर, जास्तीतजास्त दोन दिवस तगतं, त्यामुळे भरवायची घाई करू नका. घरातल्या एकीने कौतुकाने साखरदूध चमच्यात आणलं होतं, मी चमचा तसाच परत पाठवला. चोचीत थेंब सोडला की तो श्वासनलिकेत जातो आणि पिल्लू तिथेच गुदमरतं. ज्यांना असले उपाय सुचतात त्यांना विनंती, हात जोडून ठेवा.

बेंबीजवळ वाटाण्याएवढा पिवळसर फुगा होता आणि त्यावर रक्ताचा ओरखडा. तो दाबायचा नाही, आत ढकलायचा नाही, ओढायचा तर नाहीच. पोव्हिडोन आयोडीन कापसाच्या बोळ्याने हलकेच लावलं आणि खाली उकळून वाळवलेलं जुनं सुती धोतर पसरलं. भुसा घातला नाही, कारण त्याचा कण बेंबीला चिकटतो.

उबेसाठी बाजारातून दिवा मागवला तर दुकानदाराने एलईडी दिला आणि ‘वीज वाचेल’ असं वर सांगितलं. एलईडीची ऊब पिल्लाला पुरत नाही. तारेचा साठ वॅटचा पिवळा बल्ब हवा, आणि तो मुद्दाम मागून घ्यावा लागतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगाशी 32 ते 35 अंश तापमान पाहिजे, नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लाकडेच बघा. दिव्याखाली अंग चोरून ओरडत असेल तर थंडी वाजतेय. चोच उघडी टाकून लांबच्या कोपऱ्यात गेलं असेल तर दिवा वर उचला. खोक्याच्या एकाच टोकाला दिवा लावा, म्हणजे त्याला हलता येतं. आणि कोकणातल्या पावसात वीज जाणारच, तेव्हा गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तयार असू द्या.

पाण्याची वाटी उथळ हवी, पण चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकी. बदकाला खाताना सारखं पाणी लागतं आणि नाकपुड्या धुवाव्या लागतात, नाहीतर त्या खाण्याने बुजतात. वाटीत नदीतले गोटे घाला, म्हणजे पिल्लू आत पडून बुडणार नाही.

याच सुमारास शेजारी ‘बघायला’ आले. बदकाचं पिल्लू कोरडं कसं ठेवलंय म्हणून त्यांनी, मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात, ते घंगाळात सोडलं. वर म्हणाले, “बदकाचां पिल्लू पाण्यात नाय तर खंय ऱ्हवतलां?” बाहेर आले तर पिल्लाची लव अंगाला चिकटलेली, खालची गुलाबी कातडी दिसत होती आणि मान हलत नव्हती. आईखाली असलेल्या पिल्लाच्या लवेला आईच्या पिसांचं तेल लागतं, म्हणून ते पहिल्या दिवसांतही पोहू शकतं. आईविना वाढणाऱ्या पिल्लाला ते मिळत नाही, आणि त्याची स्वतःची शेपटीजवळची तेलग्रंथी कामाला लागायला काही आठवडे जातात. तोवर पाणी म्हणजे भिजणं, भिजणं म्हणजे गारठणं. पिल्लू दिव्याखाली धरून सुकवायला मला अर्धी रात्र लागली. त्या माणसाने चहा मात्र पूर्ण घेतला.

पायांचं सांगते. खोक्यात वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर दुबळ्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. खाली गोणपाट किंवा खरखरीत टॉवेल हवा. पाय फाकलेच तर मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर, सैलसर बांधून ठेवावे लागतात, आणि ते पहिल्या दिवसांतच. नंतर हाडं धरतात.

आमच्या पिल्लाचे पाय फाकले नव्हते. ते चालायला लागलं, वजन धरलं, माझ्यामागून अंगणभर फिरायला लागलं, आणि मग अचानक बसकण मारायला लागलं. चार पावलं टाकायचं आणि गुडघ्यावर यायचं. पायाचा सांधा सुजल्यासारखा, नडगी बाहेर वाकलेली. शेजारी कुंपणावरून म्हणाले, ‘मी सांगितलेलां ना.’ घरातलेही म्हणायला लागले की जन्माचंच अधू आहे, हाल कशाला करतेस.

मी ते टोपलीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघायच्या आधी विचारलं, “खायला काय देता?” मी सांगितलं, कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य. ते आणताना ‘बदकासाठी हवंय’ असं मी दुकानात स्पष्ट सांगितलं होतं, आणि ‘सारखंच असतं’ हे उत्तर मला तिथेच मिळालं होतं. डॉक्टर म्हणाले, “सारखं नसतं. याला नायसिन कमी पडतंय.” नायसिन म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक. कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यामागे साधारण 35 मिलिग्रॅम नायसिन लागतं, बदकाच्या पिल्लाला 55. त्यात मक्यातलं नायसिन अशा रूपात असतं की ते अंगी फारसं लागत नाही, आणि ही खाद्यं बहुतेक मक्याचीच.

तिथे उभी असताना मला जे कळलं त्याने राग आला आणि हायसंही वाटलं. ज्याला सगळे जन्माचा दुबळेपणा म्हणत होते तो पिशवीतून येत होता. पिल्लू मरायला आलेलं नव्हतं. ते उपाशी होतं, पोट भरलेलं असून उपाशी.

डॉक्टरांनी ब जीवनसत्त्वाचं औषध पाण्यातून दिलं आणि खाद्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळायला सांगितलं. केकात घालतात ते जिवंत यीस्ट नव्हे. ते पोटात फुगतं. नेमकं किती ते आपल्या डॉक्टरांना विचारा. उकडून कुस्करलेले मटार चालतात. काही दिवसांत ते सरळ उभं राहिलं. उशीर झाला असता तर हाड वाकलेलंच राहिलं असतं, म्हणून पाय लटपटल्याचं दिसलं की त्याच दिवशी हलायचं. खाद्याच्या पिशवीवर औषध मिसळल्याचं लिहिलं असेल तर तेही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

खाद्याचं आणखी एक. पावसाळ्यात दमट झालेलं, कुबट वासाचं खाद्य बदकाला कधीही देऊ नका. शेंगदाण्याच्या पेंडीवर आणि मक्यावर जी बुरशी येते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, आणि बदकाची पिल्लं त्याला फार लवकर बळी पडतात. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले, बदकाची पिल्लंही मेली. शोध घेता घेता तपास ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर येऊन थांबला, आणि या विषाची ओळख जगाला तिथून झाली. आमच्याकडे अजून ‘जनावराला काय होतंय’ म्हणून काळी पडलेली पेंड पुढे टाकतात. शेजाऱ्यांनी मला तीच फुकट देऊ केली होती. पाव आणि शिळा भातही नको. पोट भरतं, पण अंगी लागत नाही.

बाकी नेहमीचंच. मांजर, मुंगूस, कावळा यांच्यापासून सांभाळा. रात्री जाळीचं दार लावा. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा.

आता मूळ दुखण्याकडे येते. पिल्लू मादी निघालं. अंडी घालायला लागलं, आणि शेजारी टोपली घेऊन दारात आले. ‘अंडां आमचां, कोंबडी आमची, म्हणजे बदकही आमचां.’ मी घरी नव्हते. सासूबाईंनी शेजार मोडायला नको म्हणून देऊन टाकलं. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या पिढीने शेजार असाच राखला.

पण बदक तिथे राहीना. सकाळी सोडलं की कुंपणाच्या फटीतून आमच्या अंगणात. मग वाडीभर आरोप सुरू झाला की मी खाणं दाखवून भुलवते. याचं उत्तर मी आज देते. पिल्लू आई कोणाला मानतं हे कोन्राड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हंसाच्या पिल्लांवर दाखवून दिलं होतं, आणि पक्षी-प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना 1973 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. बदकाचं, हंसाचं पिल्लू जन्मल्यावर पहिल्या काही तासांत जो हलता जीव समोर दिसेल त्याला आई मानतं. या पिल्लाला त्या तासांत माझे हात दिसले. तुम्ही भिरकावलंत म्हणून दिसले. यात भुलवणं कुठे आलं?

शेवटी त्यांनी किंमत सांगितली आणि मी मोजली. बाजारात तयार मादी त्याहून स्वस्त मिळाली असती. बदक आता माझ्याकडे आहे, पण मीच वाचवलेल्या जिवाचे पैसे मला त्याच माणसाला द्यावे लागले, हे मला पचलेलं नाही आणि पचणारही नाही.

म्हणून दुसऱ्याचं टाकलेलं पिल्लू उचलाल तेव्हा आधी चार माणसांत विचारा, “हे मी नेते, ते माझं झालं. कबूल?” हो म्हणाले की घरच्यांनाही सांगून ठेवा. फार कागद नकोत. फोनवर एक ओळ लिहून पाठवा आणि ‘हो’ मागून घ्या. औषधांच्या, खाद्याच्या पावत्या जपा. जमल्यास दुसरं एक पिल्लूही आणा. एकटं वाढलेलं बदक माणसालाच चिकटतं, आणि त्यावरून लोक तुम्हालाच चोर ठरवतात.

तळ्याकाठी हळदी-कुंकू बदकाचं किंवा अडईचं रानातलं पिल्लू दिसलं तर मात्र यातलं काहीही करू नका. आई बहुतेक वेळा जवळपास असते, लांबून बघा. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते घरी पाळता येत नाही.

आणि ज्यांच्याकडे बदकं आहेत त्यांना एवढंच. दुबळं पिल्लू सांभाळायला वेळ नसेल तर तसं सांगा आणि ज्याला वेळ आहे त्याच्या हातात नीट द्या. एकदा टाकलंत की त्याच्यावरचा हक्कही टाकलात. मग ते जगलं, मोठं झालं, अंडी द्यायला लागलं, तरी टोपली घेऊन त्याच्या दारात जाऊ नका.