ढोकळ्याच्या भांड्यात चिनी केक

बघ, आधी ती बांबूची चाळणी शोधायचं डोक्यातून काढ. त्यासाठी वापीपर्यंत धावायची काही गरज नाही गं. तुझं ढोकळ्याचं भांडं आहे ना, तेच पुरे. मला कळतंय, गाव नवं, बाळ लहान, त्यात सोसायटीतल्या बायकांना चिनी केक खिलवायचं कबूल करून बसलीस. पण सिल्वासात फरसाणाच्या दुकानात मिळणारा पांढरा इदडा तरी काय आहे? आंबवून वाफवलेले तांदूळ आणि उडीदच. आईच्या हातचं सांदणही तू लहानपणापासून खाल्लंयस. म्हणजे वाफेचं काम तुला नवं नाहीच.

खरं सांगू का, सुरुवात बाय टांग गाओनं कर. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातला हा तांदळाचा पांढरा केक, त्यातही शुंडे भागातल्या लुंजियाओचा नावाजलेला. यात अंडं, दूध, मैदा काही नाही, त्यामुळे तुझ्या जैन शेजारणीही बहुधा खातील, फक्त यीस्ट चालतं का ते आधी विचार. नववर्षाला करतात तो फा गाओ वरून फुटून उमलावा लागतो, तसा उमलला की शुभ मानतात. तो नंतर कर.

मोदकाचं तांदळाचं पीठ 200 ग्रॅम घे आणि 150 मिली गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालव. दुसरीकडे 100 ग्रॅम साखर 150 मिली पाण्यात उकळ आणि तो कढत पाक बारीक धारेनं पिठात ओत, हात थांबवू नकोस. सगळी मेख इथे आहे बघ. पाकाच्या उष्णतेनं थोडं पीठ शिजतं, मिश्रण किंचित दाट होतं, म्हणून पीठ तळाशी बसत नाही. पाण्यासारखंच राहिलं तर मंद आचेवर जरा ढवळ, चमच्याला पातळ थर धरला की उतरव.

आता निवू दे, अगदी कोमट होईपर्यंत. गरम मिश्रणात यीस्ट मरतं. अर्धा चमचा यीस्ट चमचाभर कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर ठेव, फेस आला तरच मिश्रणात घालून ढवळ. मग झाकून दीड-दोन तास विसर. इथल्या मे महिन्यात त्याहून लवकर फुगेल, जानेवारीत वेळ लागेल, म्हणून घड्याळ नको बघूस, बुडबुडे बघ. हलका आंबूस वास हवाच, घाबरू नकोस.

भांड्यातलं पाणी खळखळ उकळायला लागल्याशिवाय थाळी आत ठेवायची नाही. थाळीला तेल लाव, मिश्रण ढवळून दोन सेंटिमीटर जाडीचं ओत, झाकणाला फडकं बांध. मोठ्या आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि मध्ये झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही! पूर्ण गार झाल्यावरच काप, गरम असताना सुरीला चिकटतो. आत उभी जाळी दिसली की जमलं. कमी पडली तरी चव जात नाही, बाळ बागडत असताना एवढं झालं हे पुष्कळ आहे.

उरला तर फ्रीजमध्ये कडक होतो, पाच मिनिटं वाफेवर धरलास की परत मऊ. एकच ऐक, पहिल्यांदा पाहुण्यांच्या दिवशी करू नकोस. या रविवारी दुपारी बाळ झोपलं की पीठ कालव, आणि जमलं की फोटो पाठव.